छत्रीवर शिक्का

आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायला लागलं की माय आधी चुलीवरचं उतरवून ठेवायची. वरण असो, अंबाडीची भाजी असो, नाहीतर नुसतं चहाचं आधण. बाबांचा हात जे जवळ असेल त्याच्यावर पडायचा, आणि उकळतं काही त्यांच्या हाताशी असू नये एवढीच तिची दक्षता. आम्ही भावंडं याला घाबरायचो असं म्हणवत नाही. पावसाळ्यात घर गळतं तसं आमच्याकडे ताट भिंतीवर आपटायचं. पितळेचं आपटलं की आवाज लांबत जायचा, स्टीलचं आपटलं की लगेच थांबायचा, म्हणून मायनं हळूहळू सगळी ताटं स्टीलची करून घेतली. तिच्या हातची कळण्याची भाकर, ज्वारीत उडीद मिसळून केलेली, आणि वर जवसाची चटणी नि तेल, हे मला नंतर कुठंच तसं मिळालं नाही. बाबा रागात ताट फेकायचे, पण फेकण्याआधी भाकर उचलून घ्यायचे.

गावाचं नाव लिहीत नाही. जऊळका स्टेशनवर उतरून बैलगाडीनं जावं लागायचं, एवढं पुरे. या गोष्टीतली काही माणसं अजून हयात आहेत, काहींची पोरं माझ्या हाताखाली शिकली. गावात रावसाहेबांचं राज्य होतं. ते कधी आवाज चढवत नसत. पांढरा शर्ट, चष्मा आणि हातात घडी केलेला रुमाल. ग्रामपंचायत वर्षानुवर्षं बिनविरोध व्हायची आणि त्याबद्दल तालुक्याला त्यांचा सत्कार व्हायचा. गावात भांडण नाही, गटबाजी नाही, असं भाषणात सांगितलं जायचं. बिनविरोध कसं होतं हे ज्यांनी अर्ज मागे घेतले त्यांना माहीत होतं. रावसाहेबांचा भाचा प्रल्हाद जीप घेऊन घरी यायचा, पाणी मागायचा, ओसरीवर बसून घरातल्या लेकरांची नावं विचारायचा. तेवढ्यानं काम व्हायचं. पाणीसुद्धा तो अर्धंच प्यायचा.

बाबा मात्र वाकले नाहीत. त्यांना रावसाहेबांचा चष्मा खपत नसे, जीप खपत नसे, 'काय म्हनता पाटील' असं विचारणं तर मुळीच नाही. ग्रामसभेत हात वर करून विचारणारा माणूस गावात एकच होता. रस्त्याचा मुरूम कुठं गेला, विहिरीचं काम काहून थांबलं. लोक खाली मान घालून हसायचे, पण ऐकायचे. मला बापाचा अभिमान वाटायचा तो तिथं. घरी आल्यावर माय काही विचारायला लागली की तोच माणूस म्हणायचा, "तू मंधात बोलू नको."

बाबांचा दुसरा वैरी होता किसनकाका. त्याचं शेत आमच्या शेताला लागून. दोन्हींमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण लागलं होतं. एका पेरणीच्या दिवसांत बाबांनी त्याच्या बायकोला शिवी दिली आणि किसनकाकानं बैल हाकायची तुतारी बाबांच्या डोक्यात घातली. कपाळापासून कानापर्यंत फाटलं होतं. पंधरा टाके पडले. तेव्हापासून दोन्ही घरांचं पाणी तुटलं. बायकासुद्धा विहिरीवर एकमेकींची बादली वर येईपर्यंत थांबायच्या आणि मग आपली सोडायच्या.

बिनविरोध पहिल्यांदा मोडलं ते आमच्या वार्डात; एका निवडणुकीत तिथं तीन जण उभे राहिले. प्रल्हाद, बाबा आणि किसनकाका. रावसाहेबांच्या विरोधात दोघं, आणि दोघं एकमेकांच्याही विरोधात. अर्ध्याहून जास्त वार्डानं प्रल्हादच्या विरोधात मत दिलं आणि निवडून प्रल्हादच आला. गुलालाची मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून नेली. त्यांनी ढोरांच्या पाण्याच्या टाक्यात गुलाल टाकला. माझा मोठा भाऊ दिलीप ओसरीवरून खाली उतरून एवढंच म्हणाला, "ढोरं पेतात ते पानी." भर दुपार होती. ढोल वाजत होता. प्रल्हादनं जीपमधला लोखंडी गज काढला आणि सगळ्या मिरवणुकीसमोर दादाच्या मांडीवर घातला. दादा पडल्यावर पुन्हा घातला. ढोल थांबला नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मला आठवतं, दादा ओरडत नव्हता, तोंड उघडून नुसता श्वास घेत होता. ठाण्यावर साक्षीला कुणी आलं नाही. हाड गावातल्याच माणसानं बसवलं ते वाकडं बसलं. दादाचा डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. रावसाहेब स्वतः भेटायला आले आणि म्हणाले, "उत्साहात होते पोट्टे."

माझी मुलगी लग्नानंतर इंग्लंडात असते. तिकडची निवडणूक झाली तेव्हा ती फोनवर शेजारच्या म्हातारीची गोष्ट सांगत होती. या म्हातारीला जो पक्ष आवडतो तो तिच्या भागात कधी निवडून येत नाही, म्हणून ती नाक मुरडून दुसऱ्याच पक्षाला मत देते. का, तर जो नको आहे तो पडावा. पलीकडच्या भागातली तिची बहीण उलट करते. तिथं याचं काही नवल नाही. कोणत्या भागात कुणाला मत दिलं तर कोण पडेल याच्या याद्या निघतात. आणि विरोधी पक्षाच्या नेत्याला म्हणे सरकारच पगार देतं, सरकारला प्रश्न विचारण्याबद्दल. मुलगी हसत होती. मी तिला म्हटलं, बाई, मतदानाची पद्धत आपण त्यांच्याकडूनच घेतली, जास्तीत जास्त मतं ज्याची तो आला, बाकीच्यांची पाण्यात. तुझ्या आजीनं तिसरी यत्ता सोडल्यावर पुस्तक हातात धरलं नव्हतं, पण हे गणित तिला चुलीपुढं बसून सुटलं होतं. त्याबद्दल तिला काय मिळालं तेवढं मी मुलीला सांगितलं नाही. म्हणून इथं लिहिते.

गावातली पुढची निवडणूक लागली. पुन्हा तेच तिघं. मी वाशीमला शिकत होते, सुट्टीला घरी आले होते, आणि त्या वर्षी माझं नाव पहिल्यांदाच मतदारयादीत आलं होतं. अर्ज मागे घ्यायच्या आदल्या दिवशी बाबा जेवायला बसले असताना मायनं चुलीवरून वरण उतरवलं. तिनं स्वतःच बोलायला सुरुवात करण्याआधी ते उतरवलेलं पाहून मी आणि दादानं एकमेकांकडे पाहिलं.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "ह्या बारीनं तुमी बसा. किसनले लढू द्या. त्याची भावकी मोठी हाय. दोघं राह्यले तं पुन्हा प्रल्हाद येते."

बाबांनी घास तसाच धरला. मग कपाळावरून बोट फिरवलं. "त्यानं माह्या डोस्क्यात तुतारी घातली. अन् तू मले सांगून राह्यली, त्याले मत दे?"

"डोस्कं तुमचं फुटलं, भरलं. पोराचा पाय भरला नाई."

ताट तिच्या खांद्याला लागून मागच्या भिंतीवर गेलं. त्यांनी उठून तिचे केस धरले आणि चुलीपासून दारापर्यंत ओढत नेलं. दादा मध्ये पडला तर त्याला एका हातानं ढकलला, आणि तो आखूड पायावर तोल जाऊन पडला. बाबांनी माघार घेतली नाही. त्यांना कपबशी चिन्ह मिळालं, किसनकाकाला छत्री, प्रल्हादला नारळ.

दोन-तीन दिवसांनी कापूस वेचायला मी मायसोबत शेतात गेले. पलीकडे किसनकाकाची बायको पंचफुला वेचत होती. माय ओटीत कापूस तसाच ठेवून सरळ धुऱ्याकडे चालत गेली. पंचफुलानं विळा हातात घेतला. मी ओटीतला कापूस टाकून मायच्या मागं धावले. माय धुऱ्यावर बसली आणि म्हणाली, "बस व. भांडाले नाई आली."

पंचफुला बसली नाही. विळाही ठेवला नाही.

"बायांची मतं मी छत्रीवर आनतो," माय म्हणाली. वऱ्हाडात आमच्याकडच्या जुन्या बाया 'आनतो'च म्हणायच्या. "तुह्या मानसाले मी आजबी शिव्याच देतो. पन निवडून आला की पह्यल्या सभेत त्यानं उभं राहून इचाराचं. दिलीपचा पाय कोनं मोडला? नाव घेऊन, साऱ्यांपुढं."

"मारतीन ना त्याले," पंचफुला म्हणाली.

"मारतीन."

मग पंचफुलानं विळा कमरेला खोवला. "पाह्यतो बोलून," ती म्हणाली, आणि मायच्या ओटीतून कापसाला चिकटलेला पाचोळा काढत बसली.

त्यानंतर माय ज्या ज्या शेतात वेचायला गेली, ज्या ज्या दारी विरजण मागायला गेली, तिथं तिथं एकच वाक्य पोचलं: कपबशी चुलीपाशी बरी, शिक्का छत्रीवर. पुरुषांना पत्ता लागला नाही. बाबा दिवसभर घरोघर फिरायचे. बाया डोक्यावरून पदर घेऊन त्यांना चहा द्यायच्या, तोही कपबशीतून, आणि हसून म्हणायच्या, "हाव जी, तुमचंच." ते संध्याकाळी घरी येऊन वहीत आकडे लावायचे आणि त्यांचा चेहरा इतका खुललेला असायचा की मला तिथं बसवत नसे. त्या पंधरा दिवसांत त्यांनी एकदाही ताट फेकलं नाही. भाजीत मीठ कमी झालं तर मागून घ्यायचे.

मतदानाच्या सकाळी मायनं मला एवढंच म्हटलं, "शिक्का तुह्या हातात देतील. तुह्या मनानं मार." शाळेच्या वर्गात पुठ्ठ्याचा आडोसा केला होता. मी कागद पसरला आणि दादाचा पाय डोळ्यांपुढं आणला, तो आलाही. पण त्याच्याबरोबर बाबाही आले, वहीत बोटांनी मोजणारे, खुललेले. त्यांना एकही मत पडलं नाही तर, असं माझ्या मनात आलं. मी कपबशीवर शिक्का मारला. ही गोष्ट मी मायला कधीच सांगितली नाही. बाबांना सांगायची वेळ आली तेव्हा उलटंच सांगितलं.

मोजणी आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीमजवळच्या मालेगावला तहसिलीत होती. दुपारी बाबा एकटे परत आले. माय अंगणात सुपात तूर पाखडत होती. त्यांनी चपला काढल्या नाहीत.

"अकरा," ते म्हणाले. "अकरा मतं. आपल्या भावकीतच चवदा मानसं हायेत."

"कोन आलं?" मायनं विचारलं.

"तुले माईत नाई?"

तिनं सूप खाली ठेवलं. खोटं बोलली असती तर कदाचित निभावलं असतं, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. ती म्हणाली, "छत्री आली ना? मग झालं. मीच सांगतलं होतं साऱ्या बायांले."

भिंतीला मुसळ उभं होतं. त्यांनी ते उचललं. पहिला घाव सुपावर बसला आणि तूर अंगणभर उडाली. दुसरा तिच्या पाठीवर. तिसरा डोक्यावर यायचा होता तो तिनं हातावर घेतला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, ओली काडी मोडावी तसा. ती खाली बसली. बाबांनी मुसळ पुन्हा वर उचललं. मी मध्ये गेले आणि ओरडले, "मीबी छत्रीलेच देलं! मलेबी मारा!" त्यांनी मुसळ टाकलं आणि उघड्या हातानं माझ्या कानावर मारलं. मी तुरीत तोंडघशी पडले. उजव्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं. मुलीचा फोन मी डाव्या कानाला धरते. दादा गोठ्यातून धावत आला तेव्हा बाबा अंगणाच्या मधोमध उभे होते. "माह्या घरात," ते म्हणत होते. "माह्या घरात."

दादानं गाडी जुंपली. माय हात पोटाशी धरून बसली, दर खड्ड्याला तिच्या ओठांतून आवाज यायचा. वाशीमच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टरनं विचारल्यावर ती म्हणाली, पडली. माझ्याकडे बोट करून त्यानं विचारलं, हिचं काय? माय म्हणाली, तीबी पडली.

पहिली ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. माय प्लास्टरमधला हात पदराखाली घेऊन बायांमध्ये बसली, शेजारी पंचफुला. बाबा अगदी मागं लिंबाखाली उकिडवे बसले होते. त्यांनी मायशी बोलणं टाकलं होतं. ती वाढायची, ते जेवायचे, मुकाट. ग्रामसेवकानं विषय वाचले. किसनकाका उभा राहिला तेव्हा त्याच्या हातातली टोपी पिळून दोरीसारखी झाली होती. "मले एक इचाराचं हाय," तो म्हणाला आणि थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं, बसतोय आता. पंचफुला मागून म्हणाली, "बोला ना."

"दिलीपचा पाय कोनं मोडला?" किसनकाका म्हणाला. "प्रल्हादनं मोडला. गावानं पाह्यलं. ह्या पंचायतीनं त्याचं काय केलं, ते लिवून द्या."

रावसाहेबांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागले. प्रल्हाद आणि त्याचे तिघं उठले. त्यांनी लोखंडी खुर्च्या उचलल्या. पहिली खुर्ची किसनकाकाच्या तोंडावर बसली, दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं. तो पडल्यावर लाथा सुरू झाल्या, छातीत, पोटात, तोंडावर. माणसं मागं सरकली आणि त्यांच्याभोवती मोकळं रिंगण झालं, कुस्ती पाहतात तसं. पंचफुला नवऱ्याच्या अंगावर पालथी पडली तर तिलाही मारलं. मग दादा गेला. लंगडत, कुणाला हात न लावता, सरळ रिंगणात गेला आणि त्या दोघांवर आडवा झाला. त्याच्या पाठीवर खुर्चीचा पाय वाकला. मी आणि माय किंचाळत होतो, बाया किंचाळत होत्या. मी लिंबाखाली पाहिलं. बाबा बसल्या जागेवरून हलले नव्हते. फक्त डोळे उघडे होते. आणि ग्रामसेवक, जो जिल्ह्याकडचा नवा माणूस होता, तो मान खाली घालून लिहीत होता. सदस्यानं विचारलेला प्रश्न त्यानं शब्दशः उतरवला होता.

सरकारी कागदावर आल्यामुळे आणि सरकारी माणसासमोर झाल्यामुळे ठाण्याला दुसऱ्या दिवशी यावंच लागलं. हवालदार घरोघर फिरला. किसनकाका दवाखान्यात होता, एक डोळा बंद झालेला. अख्ख्या पटांगणानं पाहिलं होतं आणि कुणीच पाहिलं नव्हतं. कुणी पाठमोरं होतं, कुणी लघवीला गेलं होतं. हवालदार आमच्या ओसरीवर आला तेव्हा वही मिटायच्याच बेतात होता.

"तुमीबी पाह्यलं नसनच," तो बाबांना म्हणाला.

"पाह्यलं," बाबा म्हणाले. "लिवा."

त्यांनी चौघांची नावं सांगितली, बापाच्या नावासकट. कुणी पहिली खुर्ची मारली, कुणी पंचफुलाला लाथ घातली, सगळं ओळीनं. हवालदारानं दोनदा विचारलं, सही कराल का. बाबांनी सही केली. तो म्हणाला, "किसनचं अन् तुमचं तं वैर हाय म्हनतेत."

"हाय ना. किसन्याले मारायचा हक माहा हाय. त्यांचा नाई."

माय दारात उभी होती. हवालदाराचं लक्ष तिच्या प्लास्टरकडे गेलं. त्यानं पेन पुन्हा उघडलं. "अन् बाईचा हात? तोबी त्याच मारामारीत का? सांगा, कलम वाढते."

बाबांनी माझ्याकडे किंवा मायकडे पाहिलं नाही, ते अंगणाकडे पाहत राहिले. मायनं पदर प्लास्टरवर ओढला. तिनं हो म्हटलं असतं तर प्रल्हादवर आणखी एक गुन्हा चढला असता आणि घराची लाज राहिली असती. दादा म्हणतो, त्याला वाटलं होतं तेच होणार.

"नाई," मी म्हटलं. "तो बाबानं मोडला. मुसळानं. मतावरून. लिवा."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. पेनाला टोपण लावलं. "घरातलं घरात ठेवा, बाई," तो म्हणाला आणि सायकल घेऊन निघून गेला. बाबा उठले. मी भिंतीला टेकून उभी राहिले, दुखरा कान दुसऱ्या बाजूला वळवून. पण ते माझ्या जवळून गोठ्यात गेले आणि बैलांना कडबा टाकला, मग पाणी दाखवलं, मग आधीच झाडलेला गोठा पुन्हा झाडत राहिले.

बाबांच्या साक्षीवर खटला उभा राहिला, पुष्कळ तारखा चालला आणि शेवटी तडजोडीत मिटला. प्रल्हादला जामीन मिळेपर्यंत काही महिने तुरुंगात काढावे लागले तेवढेच. पण त्यानंतर गावातल्या कुठल्याच वार्डात बिनविरोध पुन्हा कधी झालं नाही. पुढच्या खेपेला प्रत्येक वार्डात अर्ज आले आणि रावसाहेबांचं पॅनल दोन जागांनी पडलं. किसनकाकाशी बाबा मरेपर्यंत बोलले नाहीत. मायशी बोलायला लागले ते पोळ्याला, पुरणात गूळ कमी आहे म्हणून.

त्यांनी पुन्हा कधी हात उचलला नाही, असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. दोनदा त्यांनी मायला मारलं. दोन्ही वेळा मी परीक्षेसाठी वाशीमला होते. मी घरात असताना त्यांचा हात वर जायचा, आणि मी दारात येऊन उभी राहिले की खाली यायचा. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी गावाजवळच्या शाळेत नोकरी धरली आणि लग्नाची आलेली तीन स्थळं परतवली. चौथं आलं तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेलेला होता. मग मी हो म्हटलं.